झाड क्रमांक चौदा

होळीच्या दिवशी दुपारी आमचे हे मागच्या पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होते. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं चार वेळा घासायचं, अंगठ्याने धार बघायची आणि पुन्हा पाणी. तोंडाने काहीतरी गुणगुणणंही चाललं होतं. मी पुरण वाटायचं सोडून बाहेर आले.

"उद्या किती वाजता?" मी विचारलं.

"नऊ. दरवर्षी नऊच असतात."

"भाऊ खोतांना सांगितलंत?"

"सांगायला कशाला लागतं? येतील. त्यांना पाठ झालंय आता." मग पात्यावरची नजर न काढता म्हणाले, "पण यंदा खरंच तोडणार."

"हे मी चार वर्षं ऐकतेय."

"यंदाचं निराळं आहे. एवढ्या मोठ्या परड्यात तुला बारा वर्षांत एक वाफा देता आला नाही मला. उद्या झाड पाडतो. परवापासून तुझी अबोली लाव."

ह्यांच्या 'परवा'वर विसंबून मी साठी गाठली होती.

आमचे हे, म्हणजे महादेव धोंडू आग्रे, तालुक्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही गुहागरच्या अलीकडे आमच्या वाडीत येऊन राहिलो. घरामागे विहीर, विहिरीला लागून परडं. मला वाटलं, आता निवांत फुलझाडं लावू. पण ह्यांनी येताना कचेरी सोबत आणली होती. पहिल्याच महिन्यात प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला बसला. माड क्रमांक एक, माड क्रमांक दोन, पेरू क्रमांक नऊ. कोणी कधी पाणी प्यायलं, कोणाला किती शेणखत पडलं, सगळं वहीत. मला वहीत जागा नव्हती आणि परड्यातही नव्हती. माझी बाग गोडेतेलाच्या डब्यांत, फुटक्या घागरीत आणि तळ गेलेल्या बादलीत होती. चैत्रात डबे तापले की मुळं शिजायची. कोंबड्या उकरायच्या त्या उकरायच्याच, वर हेही डबे उचलून कुठेतरी ठेवायचे, कारण 'जाण्यायेण्यास अडथळा'. तरी एखाद्या सकाळी तेलाच्या डब्यात बटमोगरीची पाच-सहा फुलं उमललेली दिसली की माझा सगळा राग कुठल्या कुठे जायचा. असलं वेड असतं ते.

मला हवी होती ती जागा विहिरीच्या पाटाला लागून होती. सकाळचं ऊन, दुपारी कलती सावली, पाणी आपसूक. दहा हात लांब, सहा हात रुंद. माझ्या मनात तिथे अबोली, बटमोगरी, शेवंती आणि कडेने चार वांगी कधीच लागली होती. पण नेमकं तिथेच झाड क्रमांक चौदा उभं होतं. जायफळाचं.

ते आणायला हे भाऊ खोतांबरोबर एसटीने दापोलीच्या बाजारात गेले होते. गाडीवाल्याकडे जायफळाची दोनच रोपं उरली होती. ह्यांनी अर्धा तास दोन्ही रोपं पानापानाने तपासली आणि उंच, तजेलदार, सरळ खोडाचं रोप निवडलं. उरलेलं बुटकं भाऊंनी उचललं. सातव्या वर्षी दोन्ही झाडं फुलली. भाऊंचं धरलं. आषाढात त्याची फळं उकलली की आतली लालभडक जायपत्री मधल्या दगडी गडग्याच्या अलीकडून दिसायची. आमच्या झाडाला वाटाण्याएवढी पिवळट फुलं घोसाघोसाने यायची आणि घोसाघोसाने गळून जायची. वाडीत जायफळाची हीच दोन झाडं. जाणतं माणूस विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी ह्यांनी विचारलं नसतं.

आमच्या वाडीत न फळणाऱ्या झाडाला धुळवडीच्या दिवशी भीती घालतात. त्याला दोन माणसं लागतात. एकाने कुऱ्हाड उगारायची आणि झाडाला म्हणायचं, "खाऊनपिऊन माजलास, आता तोडतो." दुसऱ्याने मध्ये पडायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "यंदा सोडा. एक सालाची मुदत द्या. मी जामीन आहे." झाड म्हणे घाबरतं आणि पुढच्या वर्षी धरतं. आठव्या वर्षी ह्यांनी भीती घालायची ठरवली, तेव्हा जामीन राहायला भाऊ खोत आपण होऊन आले. भाऊ खोत, म्हणजे एके काळी सबंध वाडी ज्यांची होती त्यांचे चिरंजीव! खोती गेली, कुळकायद्यात आमचं परडं आमच्या नावावर झालं, पण माणसं अजून त्यांना खोतच म्हणतात. त्यांनी आमच्या झाडासाठी हात जोडले, याचं मला केवढं अप्रूप वाटलं. गेल्या वर्षी तर बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आत जाऊन त्यांच्या चहात चमचाभर साखर जास्त घातली होती.

तर होळीच्या त्या संध्याकाळी मी पुरणपोळ्या घेऊन खोतांकडे गेले. माईंचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा, हात प्लास्टरमध्ये होता. त्यांच्या ओटीवर फणसाच्या लाकडाचा झोपाळा आहे. एकच अखंड फळी, हळदीसारखी पिवळी, चार माणसं ऐसपैस बसतील एवढी. त्यावर बसलं की उठावंसं वाटत नाही. आमचे हे मात्र त्या झोपाळ्यावर कधी बसले नाहीत. खोतांकडे गेले तरी उभे राहायचे, फार तर पायरीवर टेकायचे. मी समजायचे, ह्यांची कंबर धरते.

"बस गो द्वारका," माई म्हणाल्या. "उद्या आमच्यांना नवं धोतर काढून ठेवलंय हो."

"झाडाला भीती घालायला नवं धोतर?"

"अगो, सकाळपासून चैन नाही त्यांना. महादेवरावांचं ते खर्र खर्र इथवर ऐकू येतंय. चुकून खरीच कुऱ्हाड बसली तर आमचं जायफळ संपलंच की."

"तुमचं कसं संपेल? कुऱ्हाड आमच्या झाडाला."

"इश्श, तुमचा नर आहे म्हणून आमची मादी धरते ना! दुसरा नर आहे कुठे पंचक्रोशीत? आमचे रोज देवापुढे म्हणतात, महादेवरावांच्या झाडाला आयुष्य दे."

मी पायाने झोपाळा थांबवला.

"कधी कळलं हे?"

"आमचं पहिल्यांदा धरलं तेव्हाच की. शेतकी खात्याचा एक माणूस आला होता, त्याने दोन्ही फुलं फोडून दाखवली. तुम्हाला सांगितलंच असेल ह्यांनी."

"हो, हो. सांगितलं की," मी म्हणाले आणि पदराने तोंड पुसलं.

माई भोळ्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस चार वर्षं आमच्या अंगणात-खळ्यात येऊन हात जोडतो, डोळ्यांतून पाणी काढतो, जास्तीच्या साखरेचा चहा पितो आणि आषाढात टोपलीभर जायफळं घरात नेतो! आणि मी इकडे तेलाच्या डब्यात शेवंती लावतेय.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं असतं तर दिवेलागणीच्या आत झाड आडवं झालं असतं आणि मला जागा मिळाली असती. पायरी उतरेपर्यंत माझा तोच विचार होता. मग ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. अर्धा तास निवडून निवडून आणलेलं झाड. रोज दोन कळशा पाणी, बारा वर्षं. आणि खोत ते बघत मनातल्या मनात हसत होते, हे कळल्यावर हा माणूस जेवला नसता. मला त्यांची दया आली, हे खरं आहे. पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरंही काही शिजत होतं, हेही तेवढंच खरं आहे.

भाऊ मागच्या गडग्यापाशी बकरीला पाला घालत होते. मी तिकडे गेले.

"भाऊ, उद्या जामीन राहणार ना?"

"राहणार तर! तुमचं झाड मला काय परकं आहे, वहिनी? यंदा बहर चांगला आहे. धरेलसं वाटतं."

"नर कसा धरेल?"

भाऊंच्या हातातली पाल्याची जुडी बकरीने ओढून नेली, तरी हात तसाच पुढे राहिला.

"माई बोलली वाटतं," ते म्हणाले.

"माईंना एक शब्द बोलायचा नाही."

"महादेवरावांना सांगितलंत?"

"अजून नाही."

ते 'अजून' भाऊंना बरोबर लागलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं.

"वहिनी, मी सांगणार होतो. पण पहिल्या वर्षी राहून गेलं. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, हे आलं. मग काय, ते तसंच पुढे…"

"ही बकरी बांधता ती जागा," मी म्हणाले. "तुमच्या विहिरीच्या उगवतीची. दहा हात लांब, सहा हात रुंद. मला लावायला हवी. पाणी तुमच्या विहिरीचं."

"तुम्हाला?"

"मला. डबे लावून लावून कंटाळले मी."

"किती दिवसांसाठी?"

"आमचं झाड उभं आहे तोवर."

भाऊंनी आधी बकरीकडे, मग गडग्यावरून दिसणाऱ्या आपल्या जायफळाकडे पाहिलं. खोताच्या घरात जन्मलेला माणूस, जमीन सोडायची म्हटल्यावर जड जाणारच. पण त्यांनी मान डोलवली.

"एक करा," मी जाता जाता म्हणाले. "उद्या हात नीट जोडा. ह्यांनी यंदा खरंच तोडायचं मनावर घेतलंय."

"खरंच?" भाऊंचा आवाज चिरकला. "मग वहिनी, तुम्हीही जरा मध्ये पडा!"

अशी माझी गत झाली. बारा वर्षं 'तोडा, तोडा' म्हणून ज्यांचं डोकं खाल्लं, त्यांना आता 'राहू द्या' म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हे कचेरीतला कोट आणि टोपी घालून झाडापुढे उभे राहिले. एका हातात वही, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. भाऊ नवं धोतर नेसून आले होते. रात्रभर झोप नसावी. मी पाटाच्या कडेला पदर खोचून उभी.

ह्यांनी घसा साफ केला आणि वही वाचली. "झाड क्रमांक चौदा. जात जायफळ. वय वर्षे बारा. पाणी रोज दोन कळशा. शेणखत सालीना चार घमेली. उत्पन्न निरंक. यापूर्वी चार वेळा मुदत देण्यात आली. सुधारणा नाही. आता तोडतो."

"महादेवराव," भाऊ हात जोडून पुढे झाले, "यंदा सोडा. एक सालाची मुदत द्या. मी जामीन आहे."

इथे हे दरवर्षी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं, तुमच्या शब्दाखातर." मग मी चहा आणायची.

"मुदत नाही," हे म्हणाले. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "हिने बारा वर्षं वाट बघितली. आता पुरे."

आणि त्यांनी कुऱ्हाड घातली. ढलपी उडून पाटात पडली. खोडातून लालसर चीक सुटला. ज्या झाडाला मी बारा वर्षं शिव्या दिल्या, त्याचा चीक बघवेना. त्यात आपल्या वाफ्याची काळजीही होतीच, नाही असं नाही.

"अहो, राहू द्या!" मी ओरडले.

"तू सांगतेस? तू?"

"हो, मीच सांगतेय. झाड आहे ते. राहू द्या."

ह्यांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. टोपी काखेत धरली, कमरेत वाकले आणि हात जोडून म्हणाले, "महादेवराव, एक साल. पाया पडतो."

ह्यांची कुऱ्हाड वरच्या वर थांबली. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते भाऊंच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. किती वेळ कोण जाणे, पण मला अवघडून आलं.

"मोठ्याने म्हणा," हे म्हणाले. "ऐकू येत नाही."

मला वाटलं, झाडाला ऐकू जायला हवं म्हणून म्हणतायत. भाऊंनी एकदम मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते मोठ्याने, अगदी रस्त्यावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "एक सालाची मुदत द्या!"

"मुदत मंजूर," हे म्हणाले आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

भाऊ त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

दुपारी हे जेवायला बसले ते चार पोळ्या जेवले. मी वाढत होते आणि माझा मलाच राग येत होता. खोतांकडून गुपचूप जागा काढून घेतली होती आणि इथे ह्यांच्यासमोर साळसूदपणे तूप वाढत होते. त्यात हेच म्हणाले, "तुझी जागा राहिलीच गं पुन्हा. मनात होतं, पण माझ्या हातून नाही झालं."

हे ऐकल्यावर मात्र मला राहवेना. तुपाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "अहो, एक सांगते. रागावू नका, आणि पानावरून उठू नका. ते झाड नर आहे."

"कटाची आमटी वाढ," हे म्हणाले.

"ऐकलंत ना? नर आहे! सात जन्म धरायचं नाही!"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नर आहे ते. पहिला बहर आला तेव्हाच. शेतकी खात्याची पुस्तिका आहे माझ्या पेटीत. पान अकरा, चित्रासकट. नर झाडाला घोसाने फुलं, मादीला एकेकटी. मला वाचता येतं."

हा माणूस पाच वर्षं त्या झाडाला नोटिसा वाचून दाखवत होता!

"भाऊंचं झाड त्याच्यावर धरतं, तेही माहीत आहे?"

"ते माहीत नसतं तर गंमत काय?"

"मग कशासाठी हे सोंग? आणि माझी जागा अडवून?"

ह्यांनी आमटीचा भुरका घेतला, वाटी खाली ठेवली.

"खोतांच्या झोपाळ्यावर बसतेस ना तू?"

"बसते. त्याचं काय?"

"ती फळी आपल्या फणसाची आहे."

लग्नाला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"आपल्या खळ्यात होता," हे म्हणाले. "कापा फणस. तेव्हा झाडं खोताची आणि सावली तेवढी कुळाची. मी बारा वर्षांचा होतो. धुळवडीच्या दिवशी भाऊचा बाप माणसं आणि करवत घेऊन आला. त्याला ओटीवर झोपाळा हवा होता. झाडाला कोवळे फणस धरलेले. बाबा हात जोडून पुढे झाले. म्हणाले, एवढं एक साल थांबा, पोरं फणस खातील, मग न्या. तर खोत म्हणाला, 'मोठ्याने बोल धोंड्या, ऐकू येत नाही.' बाबा मोठ्याने बोलले. आम्ही सगळी पोरं बघत होतो. तरी पाडला."

मी तोंडाला पदर लावून ऐकत होते.

"आता त्याचा मुलगा दरवर्षी माझ्या खळ्यात येतो. हात जोडतो. मी मुदत देतो. बघ, मी एकदाही नाही म्हटलेलं नाही."

"आज म्हटलंत की. कुऱ्हाड घातलीत."

"आज तोडणारच होतो. तुझ्यासाठी. तुझं फार झालं होतं." त्यांनी पाण्याचं भांडं उचललं. "पण त्याने टोपी काढली. मग मला राहवलं नाही. तेवढं एक ऐकायचंच होतं."

मला रडूही येत होतं आणि ह्यांना दोन शब्द सुनवावेसेही वाटत होते. शेवटी सगळं सांगून टाकलं. बकरीची जागा, दहा हात, सहा हात, पाणी त्यांच्या विहिरीचं. हे घास हातात घेऊन ऐकत राहिले.

"खोताच्या विहिरीवर? तुला दिली?"

"द्यावी लागली."

"हात जोडून मागितलीस?"

"हात कशाला जोडू? दमात घेतलं."

हे एवढे हसले, एवढे हसले की ठसका लागून मला त्यांची पाठ चोळावी लागली.

पाडव्याला मी कुदळ घेऊन खोतांच्या विहिरीवर गेले. माई प्लास्टरचा हात सांभाळत झोपाळ्यावरून सूचना देत होत्या. जमीन म्हणजे नुसतं बकरीच्या लेंड्यांचं सोनं. पहिल्या पावसाळ्यात अबोली अशी फुलली की वाडीभर वेण्या वाटल्या. शेवंतीला मावा पडला, वांगी बकरीने दोनदा दावं तोडून खाल्ली, बटमोगरी तीन वर्षं रुसून बसली आणि चौथ्या वर्षी एकदम ओंजळभर फुलली. मी त्या वाफ्यावर जेवढी रडले तेवढी माहेर सोडताना रडले नाही, आणि जेवढी सुखावले तेवढी कधीच नाही. हे गडग्यापलीकडे यायचे नाहीत. अलीकडूनच बघायचे. पण एके सकाळी गेले तर वाफ्याच्या कडेला काठी रोवलेली होती आणि तिला पत्र्याचा नवा बिल्ला होता. क्रमांक पंधरा. खोताच्या जमिनीत!

धुळवडीचा कार्यक्रम तसाच चालू राहिला. कोट, वही, निरंक, जामीन, चहा. फक्त 'मोठ्याने म्हणा' हे ह्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. मला वाटायचं, आता आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि बिचाऱ्या भाऊंनाच काही माहीत नाही.

पाच वर्षांनी ज्येष्ठातल्या वादळात भाऊंचं जायफळ मुळासकट उलथलं. फळांनी लदलेलं होतं. आमचा नर जागचा हलला नाही. त्या वर्षी होळीच्या दिवशी ह्यांनी कुऱ्हाडीला धार लावली नाही.

"उद्या काय करायचं?" मी विचारलं.

"कसलं काय! तो कशाला येतोय आता? त्याचं काय अडलंय?"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कोट घातला, सवयीने. नऊ वाजता खळ्याचं बेडं, म्हणजे फाटक, वाजलं. भाऊ आले होते. धुतलेलं धोतर, हातात काठी. ते झाडापुढे जाऊन उभे राहिले. हे वही न घेताच बाहेर गेले, मोडक्या दांड्याची कुऱ्हाड नुसती हातात धरून.

भाऊंनी टोपी काढली. "महादेवराव, यंदा सोडा. एक सालाची मुदत द्या. मी जामीन आहे."

"भाऊ," हे म्हणाले, "आता कशाला? तुमचं झाड गेलं."

भाऊंनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"त्या दिवशी मी बाबांचं बोट धरून उभा होतो," ते म्हणाले. "आठ वर्षांचा होतो. धोंडूकाका पहिल्यांदा बोलले तेव्हाच मला ऐकू आलं होतं."

ह्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मग भाऊंचे हात धरून खाली केले आणि मला म्हणाले, "चहा नको टाकू. तिकडेच घेऊ."

त्या दिवशी हे खोतांच्या ओटीवर गेले आणि झोपाळ्यावर बसले. फळीवरून हात फिरवला. "कापा होता," म्हणाले. भाऊ शेजारी बसले होते, ते म्हणाले, "हो." माईंनी चहा आणला. माझ्यासाठी जागा उरली नाही म्हणून मी पायरीवर बसले.

आता दोघेही नाहीत. माझा वाफा आहे, कारण आमचं झाड उभं आहे तोवरचा करार आहे आणि भाऊंचा मुलगा तो पाळतो. दरवर्षी धुळवडीला मी झाड क्रमांक चौदाच्या बिल्ल्यावर लाल रंगाचा हात फिरवते. बहर अजून घोसाने येतो आणि गळून जातो. त्या झाडाचा आता कोणालाच काही उपयोग नाही. म्हणून ते तोडायचं नाव कोणी काढत नाही.